पाक आणि पिण्याजोगं: एका रमजानातल्या सतरा आजारपणांचं प्रकरण

बाराव्या रोज्याच्या रात्री तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज, चालू असताना मागच्या सफीतले (रांगेतले) दोघे उठून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. रमजानात याचं कुणाला नवल वाटत नाही. दिवसभर रिकामं असलेलं पोट सूर्यास्ताला एकदम भरलं की कुणाचं ना कुणाचं कुरकुरतंच. सहरीच्या, पहाटेच्या जेवणाच्या, वेळी मात्र फोन वाजू लागले. चौदावा रोजा उजाडेपर्यंत जमातीतले सतरा जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले होते आणि त्यातल्या दोघांना सलाईन लावावं लागलं होतं.

मी पाणी तपासण्याचं काम करतो; पोटापाण्याचा धंदा म्हणतात तो माझ्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. त्यामुळे मशिदीचा कारभार बघणाऱ्या मुतवल्लींनी, हाजीसाहेबांनी, मला बोलावून घेतलं. "तूच बघ बाबा. लोक काहीबाही बोलायला लागलेत."

साथ लहानच होती, कुणी दगावलं नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्या चार-पाच दिवसांत मी दोन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली. एक, "पाणी तर पाक आहे." दुसरं, "नेमतीला नावं कशी ठेवायची?" पाक म्हणजे धर्माच्या हिशेबाने शुद्ध, आणि नेमत म्हणजे अल्लाहची देणगी. दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं प्रामाणिक होती, आणि पाण्याची तक्रार नेमकी या दोन वाक्यांत अडकून पडली होती.

संध्याकाळची दहा मिनिटं

ज्याने लांबलचक उन्हाळी रोजा ठेवलेला नाही, त्याला इफ्तारच्या वेळचं पाणी समजावून सांगणं अवघड आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्या वर्षी तो कडक उन्हात आला होता. भूक दुपारनंतर बधिर होते, तहान होत नाही. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर जीभ टाळूला चिकटते, बोलणं आपोआप कमी होतं, आणि माणूस नळाच्या आवाजाकडेही कान लावतो.

मग अजान होते. खजूर, आणि लगेच पाणी. पहिला घोट घशाखाली उतरला की तहान गेल्यासारखीच वाटते. खरं तर ते पाणी रक्तात पोचायला दहा-वीस मिनिटं तरी जातात. पण तोंड आणि घसा मेंदूला आधीच निरोप धाडतात, आणि शरीरात पाणी धरून ठेवायला लावणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक लगेच उतरणीला लागतं. समाधान पुढे, पाणी मागून. रोजा सोडल्यावरची जी दुआ अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आहे, तिची सुरुवातच अशी आहे: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या. चौदा शतकांपूर्वीच्या या शब्दांत ती सुटका जशीच्या तशी उतरली आहे.

तपासनिसाच्या नजरेने मात्र हीच दहा मिनिटं धोक्याची. शे-दीडशे माणसं एकाच वेळी, एकाच कूलरचं पाणी घटाघटा पितात. पोट रिकामं असतं, त्यामुळे नुसतं पाणी तिथे फार रेंगाळत नाही. जठरातल्या आम्लाशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते आणि त्यातले जंतू आतड्यापर्यंत सहज पोचतात. शिवाय त्या घडीला पाण्याची चव कोण बघतंय? माणूस सर्वांत कृतज्ञ असतो तेव्हाच सर्वांत कमी चौकस असतो.

आधी बदनाम झाली ती फळं

अकरावा रोजा शुक्रवारचा होता. त्या दिवशीचं इफ्तार एका गृहस्थांकडून होतं. कापलेली फळं त्यांच्या घरून आली होती. आजाराची बातमी पसरली तसा बोलण्याचा रोख त्यांच्याकडे वळला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ते आले की चटईवरची कुजबुज थांबायची. पुढचे चार दिवस ते मशिदीत नमाजपुरते आले आणि इफ्तारला थांबले नाहीत. या प्रकरणात सर्वांत जास्त भोगलं ते मला वाटतं त्यांनी, सलाईन लागलेल्यांनी नव्हे.

मी एक वही घेऊन बसलो. कोण आजारी, कोण धड, त्या तीन संध्याकाळी कुणी काय खाल्लं आणि काय प्यायलं. रोज्याच्या तोंडाने अशी चौकशी करणं हेही एक कामच. फळं खाऊनही ठणठणीत असलेले बरेच निघाले. त्यातले काही जण पाण्याची बाटली घरून आणणारे होते. उलट एक जण असा भेटला, ज्याने फळांना हातही लावला नव्हता. खजूर खाऊन दोन पेले पाणी प्यायला आणि घरी गेला, तो रात्रभर जागाच होता. फळांवरचा आळ तिथेच सैल झाला.

मग दोन गोष्टी अशा कळल्या की माझं डोकं चक्रावलं. मकतबातली, म्हणजे धार्मिक शाळेतली, लहान मुलं दुपारी त्याच कूलरचं पाणी पीत होती आणि त्यांच्यातलं एकही आजारी नव्हतं. आणि बायकांच्या बाजूला, जिथे पन्नासेक जणी रोजा सोडायच्या, तिथेही कुणाला काही झालेलं नव्हतं. पाणी मात्र तिकडेही याच कूलरचं जात होतं.

शून्य

इथे मी चुकलो, ते सांगायला हवं.

चौदाव्या रोज्याच्या सकाळी मी कूलरच्या तोटीखाली परीक्षानळी धरली आणि ओटी टाकलं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. पाण्यात मोकळा क्लोरीन असला की द्रावण लगेच पिवळं होतं. पाणी तसंच स्वच्छ, पांढरं राहिलं. शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे घराच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: वरूनच बिनक्लोरीनचं पाणी येतंय. पाणीपुरवठ्याच्या माणसाला फोन करून चार शब्द सुनावलेदेखील.

तो शांतपणे आला आणि त्याने रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीवर तीच चाचणी करून दाखवली. छान पिवळं. जमिनीखालच्या टाकीत पिवळं, गच्चीवरच्या टाकीत फिकट पण पिवळंच. शून्य फक्त कूलरला. मी कूलर उघडला तेव्हा आत कोळशाची नळी दिसली. सक्रिय कोळसा पाण्याचा वास आणि चव सुधारतो, आणि त्याच भरात क्लोरीनही खाऊन टाकतो. जंतू मारणं हे त्याचं काम नव्हे. म्हणजे त्या कूलरमध्ये क्लोरीन बारा महिने शून्यच असणार होता, साथ असो वा नसो. वीस वर्षं हे काम करणाऱ्याने एवढं आधी पाहायला हवं होतं. मी त्या माणसाची माफी मागितली. त्याने चहा मात्र मागितला नाही. तोही रोज्याने होता.

एक नमुना मी एचटूएसच्या, म्हणजे विष्ठेचे जंतू असले की काळी पडणाऱ्या, चाचणीच्या बाटलीत भरून उबदार जागी ठेवून दिला. आदल्या इफ्तारनंतर कुणीतरी एक बाटली कूलरवर भरून घरी नेली होती, ती तशीच पडून होती. तिच्यातलं पाणीही दुसऱ्या बाटलीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळची बाटली जशीच्या तशी होती आणि संध्याकाळच्या पाण्याची काळी पडली होती, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची शंका पक्की. प्रयोगशाळेत त्या पाण्यात ई. कोलाय सापडले. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही नसावा असा नियम आहे.

एकच कूलर, पण दुपारी चांगला आणि संध्याकाळी वाईट. असं का?

याचं उत्तर मला बायकांच्या बाजूची व्यवस्था बघणाऱ्या खालांनी दिलं, तेही दुसरंच काही सांगता सांगता. "आम्ही सुरया जुहरनंतरच भरून झाकून ठेवतो, बेटा. संध्याकाळी कूलरची धार करंगळीएवढी होते. मग मगरिबच्या जरा आधी परत येते."

जुहर म्हणजे दुपारची नमाज, मगरिब सूर्यास्ताची. मी अजान देणाऱ्या मुअज्जिनना विचारलं, संध्याकाळी पंप किती वाजता लावता? ते म्हणाले, "मगरिबच्या नमाजनंतर. आधी सवड कुठे असते?"

गच्चीवरची टाकी रिकामी होते म्हणून धार बारीक होते. पंप तर नमाजनंतर लागतो. मग मगरिबच्या आधी कूलरला पाणी येतं कुठून?

बादली

मशिदीच्या अंगणात वुजूसाठी, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, जुना हौज आहे. त्याच्या कडेला बसून लोक हातपाय धुतात, चूळ भरतात. पाणी बाहेरच्या नालीत जावं अशी रचना आहे, पण गर्दीत थोडं आतही पडतं. कबुतरं काठावर बसलेली असतात. हौज अंगणाच्या ओट्यावर, आणि कूलर तीन पायऱ्या खाली, जिथे इफ्तारच्या चटया पसरतात तिथे.

रमजानात गर्दी वाढल्यामुळे हौजाची पातळी राखायला कुणीतरी एक लांब रबरी नळी बाजूच्या नळाला जोडून तिचं तोंड हौजात सोडून दिलं होतं. नळ कायम उघडा. आणि तो नळ व कूलर, दोन्ही गच्चीवरून उतरणाऱ्या एकाच पाइपवर.

टाकी भरलेली असते तोवर वरचा दाब पाणी हौजाकडे ढकलतो. टाकी रिकामी झाली की तो दाब जातो आणि पाणी उतार शोधतं. नळी पाण्याने भरलेली, तिचं तोंड हौजात बुडालेलं, आणि दुसऱ्या टोकाला तीन पायऱ्या खाली कूलरची फ्लोटची झडप पाणी मागत उघडी. हौजातलं पाणी कडेवरून चढून नळीतून उलटं वाहू लागतं. टाकीतून पेट्रोल काढायला लोक नळी तोंडाने ओढतात ना, तसंच. फक्त इथे ओढायला कुणी लागत नव्हतं.

हे मी समितीपुढे सांगितलं तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, "पाणी वर चढून उलटं जातं? असं कसं होईल?" मग जुहरनंतर सगळ्यांना हौजापाशी उभं केलं. नळीचं तोंड हौजातून काढून पाणी भरलेल्या बादलीत बुडवलं, बादली हौजाच्याच काठावर ठेवली, तिच्यात खाण्याचा लाल रंग कालवला. गच्चीवरच्या टाकीची झडप बंद करायला लावली आणि खाली कूलरची तोटी उघडली. आधी स्वच्छ धार आली, मग ती बारीक झाली. बादलीकडे सगळे वाकून बघत होते. पाणी बोटभर खाली गेलं, मग वीतभर. खाली उभा असलेला मकतबातला एक मुलगा ओरडला, "लाल आलं!"

कुणी काही बोललं नाही. हाजीसाहेबांनी स्वतः वाकून नळी बाहेर ओढली.

पाक म्हणजे काय

आता त्या पहिल्या वाक्याकडे येतो. पाणी तर पाक आहे, असं आमचे मौलाना पहिल्या दिवशी म्हणाले होते. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, आणि ते मी इथे नीट मांडतो, कारण त्याची टिंगल करणं फार सोपं आहे.

मदीनेत बुदाआ नावाची विहीर होती. तिच्यात लोक घाण टाकतात, तिच्या पाण्याने वुजू करावा का, असं पैगंबरांना विचारलं गेलं. उत्तर आलं: पाणी पाक करणारं आहे, त्याला कशानेही नापाकी येत नाही. विद्वानांनी यावर पुढे पुष्कळ विचार केला. घाणीमुळे रंग, वास किंवा चव बदलली तर पाणी नापाक, यावर सगळ्यांचं एकमत. थोडं पाणी आणि पुष्कळ पाणी यांत फरक करायचा. शाफई पंथात दोन कुल्ल्यांची, म्हणजे दोन मोठ्या घड्यांची, हद्द, हनफी पंथात दहा हात लांब, दहा हात रुंद हौजाचा दंडक. आमचा हौज त्याच मापाने बांधलेला आहे.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही हदीस नोंदवणारे इमाम अबू दाऊद, ज्यांचं निधन 889 साली झालं, ते स्वतः त्या विहिरीवर गेले. आपली चादर तिच्यावर पसरून त्यांनी रुंदी मोजली, ती सहा हात भरली. बागेचं दार उघडणाऱ्याला विचारलं, बांधकामात काही फेरफार झालाय का? तो म्हणाला, नाही. आणि पाण्याचा रंग बदललेला आपण पाहिला, हेही त्यांनी लिहून ठेवलं. माझ्या कामात याला स्थळपाहणी म्हणतात. जागेवर जा, मोजा, राखणदाराला विचारा, दिसलं ते लिहा.

मौलानांना मी एवढंच म्हटलं, "तुमच्या हिशेबाने या पाण्याने वुजू होतो, हे मान्य. पण प्यायचं का?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाक असणं वेगळं आणि नुकसान न करणारं असणं वेगळं. माती पाक आहे. ती खात नाहीत." पाणी पाक आहे का, हा प्रश्न इबादतीचा, पिण्याजोगं आहे का, हा जिवाचा. दोन्हींची उत्तरं एकाच वाक्यात शोधायला गेलो, तिथे आमचं चुकलं.

नंतर ते आपणहून आणखी एक गोष्ट बोलले. भांडी झाकून ठेवा, मशकांची तोंडं बांधा, झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात बुडवू नका, साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, हे सगळं हदीसमध्ये आहेच. खालांच्या झाकलेल्या सुरया आठवून ते हसले. "त्यांनी न सांगता अमल केला. आम्ही नुसतं शिकवत बसलो."

चाचा

आता दुसरं वाक्य. सतरा आजाऱ्यांत एक सत्तरीचे चाचा होते. चौदाव्या रोज्याला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना सकाळपासून सहा-सात जुलाब झाले होते, ओठ सुकलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आणि रोजा चालूच. "अर्धा दिवस गेला. आता तोडू?"

मी मौलानांना बोलावून आणलं. त्यांनी वाद घातला नाही. "चाचा, रोजा ठेवायला ज्याने सांगितलं, त्यानेच अशा वेळी सोडायलाही सांगितलंय." कुराणातल्या सूरह बकराची 184 आणि 185 ही आयत त्यांनी म्हणून दाखवली: आजारी किंवा प्रवासी असेल त्याने दुसऱ्या दिवसांत तेवढी संख्या भरून काढावी, अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, कठीण नको. 185वी आयत ज्या शब्दांवर संपते त्यांचा अर्थ आहे, म्हणजे तुम्ही कृतज्ञ व्हाल. रोज्याच्या हुकमाच्या शेवटी शुक्र, म्हणजे कृतज्ञता, आहे, आणि रोजा सोडण्याची मुभाही त्याच आयतीत आहे, हे मी तोवर असं एकत्र कधी ऐकलं नव्हतं.

चाचांनी पडदा ओढायला लावला. मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवून त्यांना चमच्याचमच्याने दिलं. भर दुपारी, घरातली बाकीची सगळी रोज्याने असताना. दोन तासांनी डोळ्यांत जरा जान आली तेव्हा ते पुटपुटले, "वास तर आला होता मला."

कसला वास?

शुक्रवारच्या इफ्तारला पहिल्याच घोटाला पाण्याला शेवाळाचा वास आला होता. त्यांनी पेला संपवला आणि वर दुसरा घेतला. "दिवसभराच्या तहानेनंतर पाणी मिळालं. त्याला नावं ठेवायची? नाशुक्री नाही का ती?" पैगंबर जेवणाला कधी नावं ठेवत नसत, आवडलं तर खात, नाहीतर ठेवून देत, ही हदीस त्यांना पाठ होती. तिचा दुसरा भाग, ठेवून देत, हा त्यांच्या ध्यानात राहिला नव्हता.

मी परत वही काढली. पहिल्या फेरीत मी चवीचं विचारलंच नव्हतं. विचारल्यावर आणखी तिघांनी सांगितलं, हो, पाणी वेगळं लागलं होतं. तिघांनीही तेच कारण दिलं. चार माणसांना कळलं होतं, आणि चारही जण अदबीपोटी गप्प बसले. त्यांतला एक जण जरी शुक्रवारी बोलला असता, तरी शनिवार-रविवारची निम्मी आजारपणं टळली असती.

ओंजळ

गच्चीवरची टाकी इतक्या लवकर रिकामी का होत होती, हा प्रश्न उरला होता. गळती सापडली नाही. मग मी नळाखाली बादली ठेवून माणसांचा वुजू मोजला. सुरुवात स्वतःपासून केली. तोटी पूर्ण उघडी, मधे दोन शब्द बोलणं, पायाची बोटं निगुतीने: आठ लिटरच्या आसपास. इतरांचंही कमी-अधिक तेवढंच. असर आणि मगरिबच्या दरम्यान दीडशे माणसांनी असा वुजू केला की हजार लिटरची टाकी कुठे पुरणार?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरांचे सहकारी अनस यांची हदीस आहे की पैगंबर एका मुद्दमध्ये वुजू करत. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची एक भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटर. मी पाऊण लिटरच्या तांब्याने करून पाहिला. पहिल्यांदा डावा पाय कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी जमलं.

म्हणजे घटनांची साखळी अशी: रोज्याच्या तहानेने पाण्याची किंमत कळलेली माणसं, इफ्तारच्या आधी अर्धा तास, नळ सोडून वुजू करत होती, त्याने टाकी रिकामी व्हायची, रिकाम्या टाकीमुळे हौज कूलरमध्ये उतरायचा, आणि तेच पाणी ती माणसं दुआ म्हणून प्यायची. यात कुणी वाईट नव्हतं, निष्काळजीपणाही म्हणावा तर एका नळीपुरता.

सतराव्या रोज्यापासून

करायचं ते थोडंच होतं. नळी कापून आखूड केली आणि तिचं तोंड हौजाच्या काठाच्या वर चार बोटं टांगलं. नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांत पाइपच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी जागा सोडली की पाणी उलटं जाऊच शकत नाही. हवा ओढली जाते, पाणी नाही. कूलरचा पाइप वेगळा काढला. कोळशाची नळी काढून टाकली, कारण ती असेपर्यंत ओटीला काही अर्थ नव्हता. टाक्या उपसून, घासून, जास्त क्लोरीनच्या पाण्याने धुतल्या. रोज जमिनीखालच्या टाकीत 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, अर्धा तास थांबायचं, मग पंप. पंप असरच्या आधी. रोज संध्याकाळी कूलरची चाचणी मकतबातल्या मोठ्या दोन मुलांकडे दिली, आणि लाल रंग पाहून ओरडणाऱ्याने त्यातली पहिली पाळी मागून घेतली. क्लोरीनचा वास आल्याने वुजूला बाधा येते का, असं एकाने विचारलं. मौलाना म्हणाले, बाधा नाही; पाण्याचं पाणीपण जात नाही.

हौजाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तरुणांना तो बुजवून नळ हवेत, म्हाताऱ्यांना हौजाच्या काठावरच वुजू केल्यासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर हौज राहू द्यावा, पण नळी त्याच्या आसपास दिसू नये.

फळांवाल्या गृहस्थांकडे हाजीसाहेब स्वतः गेले. काय बोलणं झालं ते माहीत नाही. विसाव्या रोज्याला फळं त्यांच्याकडून आली.

दुरुस्तीनंतरच्या शुक्रवारच्या बयानात मौलानांनी नळीचं नावही काढलं नाही. सूरह वाकिआ घेतली: तुम्ही पिता ते पाणी पाहिलंत का? ढगांतून ते तुम्ही उतरवलं की आम्ही? आम्हाला वाटलं असतं तर ते खारट केलं असतं. मग तुम्ही शुक्र का करत नाही? मग सूरह सबाची 13वी आयत, जिथे पैगंबर दाऊदच्या घराण्याला शुक्र म्हणून काम करा असं सांगितलंय. शुक्र हा शब्द तिथे क्रियापदाबरोबर येतो, जिभेबरोबर नाही, एवढंच ते म्हणाले आणि पुढे गेले. त्यांनी एक आकडा माझ्याकडून मागून घेतला होता, तोही सांगितला: युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 सालच्या हिशेबाप्रमाणे जगात सुमारे 220 कोटी माणसांना घरात, हवं तेव्हा, दूषित नसलेलं पाणी मिळत नाही. त्यांच्यासाठी ती संध्याकाळची करंगळीएवढी धार वर्षभर असते.

चाचांचे सहा रोजे बुडाले होते. ते त्यांनी थंडीत, दिवस लहान झाल्यावर भरून काढले.

पुढचा रमजान अकरा दिवस आधी आला. तिसऱ्या रोज्याला मी चाचांच्या शेजारी बसलो होतो. अजान झाली, त्यांनी खजूर तोंडात टाकला, पेला उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. तोंड वाकडं करून, सगळ्या चटईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज क्लोरीन जास्त पडलाय. कोणाची पाळी होती?"

मी जाऊन पाहिलं. मुलाने मापाचा चमचा शिगोशीग भरला होता.